अंग मोठं म्हणून गाडी मोठी?

जबलपूर ही माझी शेवटची पोस्टिंग. युनिटात एमटी जेसीओ होतो. सरकारी गाड्या, ड्रायव्हर, पेट्रोलचा हिशोब आणि जवानांच्या खासगी मोटारसायकलींचे गेटचे स्टिकर, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. एका शनिवारी वाळवा तालुक्यातला एक जवान कँटीनमधून गाडी घ्यायचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला. वय २४, उंची ६ फूट २ इंच, वजन १०२ किलो, युनिटच्या कुस्ती संघातला. त्याला नावाने हाक मारलेली मी क्वचितच ऐकली. सगळे पैलवानच म्हणायचे.

"गाडी कुठली?"

"बुलेट, साहेब."

"आधी काय चालवलंयस?"

"सायकल. आणि मामाचा ट्रॅक्टर."

"मग पहिलीच गाडी बुलेट कशाला?"

त्याने स्वतःच्या अंगाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. उत्तर समोर उभंच आहे, यात विचारायचं काय, असा चेहरा. अर्ज ठेवून घेतला आणि सोमवारी ये म्हटलं.

या लेखात मला त्या चेहऱ्याशीच भांडायचं आहे. माणूस मोठा तर गाडीही मोठी, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. दुकानदार ते म्हणतो, मित्र म्हणतात, सासरा म्हणतो. बारीक पोराने बुलेट घेतली तर "झेपेल का रे?" असं चार जण विचारतात. आडव्या बांध्याच्या पोराला कुणीच विचारत नाही. खरं तर नवशिक्या असेल तर त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. मी म्हणेन, जरा जास्तच.

सोमवारच्या आधी रविवारी त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज नम्र होता, पण ठाम. "साहेब, पोराचं लग्न मे महिन्यात आहे. एवढं थोराड पोर, फौजेतलं, आणि बारक्या गाडीवरनं गावात आलं तर लोक हसतील. म्हैस शेळीवर बसल्यासारखं दिसेल. तेवढी सही करा." त्या माणसाला मी दोष देणार नाही. गावात मुलगा कसा दिसतो याला किंमत असते, आणि ती किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

२००० साली मी पंजाबातल्या एका छावणीत नाईक होतो. उंची ६ फूट १, वजन ९६, युनिटचा हेवीवेट बॉक्सर. निवृत्तीला निघालेल्या एका हवालदाराकडून जुनी बुलेट घेतली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. मी त्याआधी सायकलच चालवलेली, त्यामुळे उलट-सुलट काही वाटलंच नाही. जे शिकलो ते तसंच शिकलो. तीन आठवडे ऐटीत फिरलो. चौथ्या आठवड्यात रेल्वे फाटक बंद बघून चढावरच गाडी वळवायला गेलो. वेग जवळजवळ शून्य. उताराच्या बाजूचा पाय टेकायला गेलो, तिथे वाळू होती. पाय सरकला, गाडी झुकली.

इथे एक गोष्ट घडली आणि ती मला फार उशिरा कळली. बारका माणूस असता तर त्याने हँडल सोडून उडी मारली असती. मी सोडलं नाही. मला वाटलं, धरीन. आयुष्यभर जे जड दिसलं ते उचललेलं, मग ही कशी ऐकणार नाही? मी धरून राहिलो आणि गाडी माझ्या पायासकट खाली गेली. नडगीची दोन्ही हाडं मोडली. फाटकाजवळचा ऊसवाला आणि एक ट्रकवाला, दोघांनी मिळून गाडी वर उचलली तेव्हा पाय निघाला.

सहा आठवडे प्लास्टर, मग सुट्टी, मग लो मेडिकल कॅटेगरी. फौजेत राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: कॅटेगरी खाली गेली की कॅडर कोर्स हुकतो, कोर्स हुकला की बढतीची पाळी हुकते. माझ्याबरोबर भरती झालेला माझा मित्र हवालदार झाला आणि मी त्याच्या हाताखाली नाईक म्हणून दोन वर्षं काढली. तो भला माणूस होता, कधी जाणवू दिलं नाही. मला जाणवायचं. गोळी नाही, बर्फ नाही, शत्रू नाही. उभ्या जागी पडलो.

मोठ्या अंगाचा माणूस हिशोब इथेच चुकतो. त्याला वाटतं, माझी ताकद गाडीच्या वजनाच्या विरुद्ध लागणार. गाडी सरळ उभी असते तेव्हा ती दोन बोटांनीही धरता येते, त्यामुळे दुकानात सगळं सोपं वाटतं. ती झुकायला लागली की दर इंचाला ओझं वाढत जातं. आणि त्या वेळी तुम्ही सीटवर बसलेले असता. म्हणजे तुमचं वजन गाडीच्या बाजूने असतं, तुमच्या बाजूने नाही. आजच्या ३५० सीसी बुलेटचं पेट्रोलसकट वजन १९५ किलो. त्यावर पैलवानाचे १०२. हे ३०० किलोंचं धूड, आणि ते सावरायला वाळूत टेकलेला एक पाय. हेच १४० किलोंच्या आसपासची १६० सीसी गाडी असेल तर ५५ किलो कमी. गव्हाचं एक पोतं आणि वर पसाभर. ते पोतं खांद्यावर घेऊन शिकायचं की खाली ठेवून, एवढाच प्रश्न आहे.

"पण बारकी गाडी माझं वजन ओढेल का?" हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर आपल्या गावच्या रस्त्यावर रोज पहाटे दिसतं. गवळी १०० सीसीच्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लावून जातो. तशी लादावी असं मी म्हणत नाही, पुस्तिकेत लिहिलेला कमाल भार पाळावाच. पण ओढण्याचं कोडं इंजिनाने कधीच सोडवलेलं आहे. घाटात १६० सीसीची गाडी दोन माणसांना घेऊन जरा कण्हेल, तिसऱ्या गिअरवर यावं लागेल. येऊ द्या. नवशिक्याला घाटात तिसऱ्यावर राहायची सवय लागली तर बिघडलं कुठे?

भाराचंच म्हणाल तर २०१७ च्या नोव्हेंबरात बंगळुरूजवळच्या येलहंका हवाईतळावर आर्मी सर्व्हिस कोअरच्या टॉर्नेडोज पथकाचे ५८ जण एकाच ५०० सीसी एनफिल्डवर बसून गेले आणि विश्वविक्रम झाला. एका गाडीवर एक कंपनी मावत नाही एवढंच. मोटारसायकल भार सोसते हो. सवाल आहे तो ती हळू चालली असताना, वळताना, थांबताना कोण सांभाळतंय याचा. त्या ५८ जणांच्या पुढे हँडल धरून बसलेला माणूस पहिल्यांदा गाडी शिकत नव्हता.

आता माझे जुने सोबती चिडतील, त्यांच्यासाठी. मला माहीत आहे, आपल्यातले कित्येक डीआर थेट बुलेटवरच शिकले. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली आणि फौजेचं नि तिचं नातं त्याच्याही आधीचं आहे. जबलपूर तर सिग्नल्सच्या डेअर डेव्हिल्स पथकाचं घर. तिथल्या मैदानावर २४-२५ वर्षांची पोरं बुलेटवर शिडी लावून उभी राहताना बघितली की छाती भरून येते. पण आठवा, आपण शिकलो कसे? मोकळं मैदान. कानाशी ओरडणारा उस्ताद. पहिले काही दिवस तर इंजिन बंद, नुसती ढकलायची, स्टँडवर घ्यायची, उतरवायची, पाडायची आणि उचलायची. पडलो तर उचलायला चार जण आणि शिव्या द्यायला पाचवा. गाडी सरकारी, ओरखडा गेला तरी काळजाला जात नव्हता. शोरूममधून हार घालून निघालेल्या नव्या बुलेटवर नवशिका पोरगा एकटा असतो, रस्ता भर बाजारातला असतो आणि मागे भाऊ मोबाइलवर शूटिंग करत असतो. या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका.

बुलेटच्या विरोधात मी नाही. माझ्या दारात आज बुलेटच उभी आहे. हळू चालीला ती छान ओढते, लांबच्या रस्त्याला स्थिर असते, बसायची बैठक रुंद. मोठ्या माणसाला दुसरी गाडी म्हणून तिच्यासारखी नाही. मी फक्त क्रमाबद्दल बोलतोय.

क्रम चुकला की काय होतं ते मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर बघितलं. पंगच्या ट्रान्झिट कॅम्पला असताना उन्हाळ्यात रोज पुण्या-मुंबईची, दिल्लीची पोरं भाड्याच्या बुलेटवर यायची. एका दुपारी नाल्याच्या पाण्यात एक धिप्पाड गृहस्थ गाडीखाली नव्हे, गाडीशेजारी बसलेले सापडले. पाणी बर्फाचं, घोट्याच्या वर. तीनदा पाडली, तीनदा उचलली, चौथ्यांदा अंगात दमच नव्हता. त्या उंचीवर श्वास अर्धा येतो आणि मोठ्या देहाला तो जास्त लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मराठीत विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या. गाडी किती दिवस चालवताय? "ही ट्रिप ठरली तेव्हा शिकलो. अंगाला शोभेल म्हणून मोठी घेतली." त्यांच्याच टोळीतला एक किडकिडीत मुलगा २०० सीसीच्या हलक्या गाडीवर पलीकडच्या काठाला बिस्कीट खात उभा होता.

तर सोमवारी पैलवान आला. सही केली नाही. त्याला घेऊन सदर बाजारात गेलो. दुकानदाराला सांगितलं, आज घेणार नाही, फक्त बसणार.

मोठ्या माणसाने गाडीवर नुसतं बसून बरंच कळतं, पण बसायचं कसं ते ठाऊक हवं. सीटवर बसून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवायचं. उंच माणसाच्या गुडघ्याला हँडल लागलं तर ती गाडी त्याची नाही, कारण सावकाश वळवताना नेमकं तेच होणार. पैलवानाला एका गाडीवर असंच झालं. मग पाय. त्याला ११ नंबरचा बूट लागतो. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांना गिअरचा दांडा पुढे आणि मागे असा दुहेरी असतो, टाचेने दाबायला. ११ नंबरचा पाय त्या दोन दांड्यांच्या मधे मावतच नाही, बूट अडकतो, गिअर नको तेव्हा पडतो. दुकानात चप्पल घालून गेलेल्याला हे कळत नाही. आम्ही डीएमएस बूट घालूनच गेलो होतो. उपाय सोपा आहे: दांडा ज्या दातेरी दांडीवर बसतो तिथून काढून एक दात वर चढवून बसवायचा, किंवा दांडाच एकेरी घ्यायचा. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम. पण कितीजण वर्षानुवर्षं पाय वाकडा करून चालवतात.

मोठं अंग दोन जातींचं असतं, हे दुकानदार कधी वेगळं करत नाही. पैलवान उंच. त्याला उंच सीट चालते, उलट लागतेच, नाहीतर गुडघे छातीला येतात. २०० सीसीची एक्सपल्स घ्या: सीट ८२५ मिलिमीटरवर, वजन १६० किलोंच्या आसपास. उंच माणसाला ती घरच्यासारखी वाटते आणि आमच्याकडे कुणाला सुचतही नाही. पण कुणी ५ फूट ५ आणि ९५ किलोंचा असेल तर त्याला तीच गाडी नको. त्याचे चवडेच टेकतील, आणि जड माणसाने चवड्यावर गाडी तोलणं म्हणजे माझं रेल्वे फाटक पुन्हा. त्याने सीटची उंची आधी बघावी, सीसी नंतर. स्प्लेंडर ७८५ ला आहे, वजन ११२. अ‍ॅव्हेंजरची सीट तर ७३७ वर. बुटक्या-रुंद माणसाला तिथे दोन्ही तळवे जमिनीवर मिळतात, गाडी जरा जड असली तरी ते चालून जातं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, १२५ आणि खालच्यांना दोन्ही ब्रेक जोडून लागतील एवढीच सोय. जड माणूस घाबरून ब्रेक दाबतो तेव्हा १०० किलोंच्या भीतीने दाबतो. चाक जाम व्हायला नको. म्हणून माझं मत १५०-१६० सीसीच्या वर्गावर येऊन थांबतं: पुढे डिस्क, एबीएस, वजन दीडशेच्या आत. यात युनिकॉर्नसारखी साधी, न मिरवणारी गाडीही येते. ती बघून कुणी वळून बघणार नाही. शिकताना ते बरंच असतं.

आणि घेतल्यावर करायची एक गोष्ट, जी जड माणसांपैकी दहांत एखादाही करत नाही. मागच्या शॉकॲबसॉर्बरला खाचा असतात. कारखान्यातून गाडी सरासरी माणसासाठी लावून येते. तुम्ही सरासरी नाही. तुम्ही बसल्यावर मागची बाजू फार दबली तर पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतो, खड्ड्यात दणका थेट मणक्याला. किटमधल्या वाकड्या पान्याने खाच दोन-तीन घर पुढे घ्या. बसल्यावर शॉक आपल्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश दबावा. टायरमधली हवा पुस्तिकेत एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी दिलेली असते. १०० किलोंच्या वर असाल तर तुम्ही एकटे असतानाही जवळजवळ दोघे आहात, तशी भरा. लोक हे न करता "हलकी गाडी मला झेपत नाही, डुलते" म्हणतात आणि बुलेट घ्यायला निघतात.

हेल्मेटही डोक्याच्या मापाचं. मोठं डोकं घट्ट हेल्मेटमध्ये दहा मिनिटांत ठणकायला लागतं, मग ते हँडलला लटकतं. आयएसआय मार्क बघा आणि दुकानात ते दहा मिनिटं घालून बसा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

पैलवान सगळं ऐकत होता, पण त्याचं मन हलत नव्हतं, ते मला दिसत होतं. शेवटी परत येऊन एमटीच्या मैदानावर युनिटची बुलेट काढली, इंजिन बंद, आणि गवतावर आडवी केली. म्हटलं, उचल. त्याने पुढून वाकून हँडल धरलं आणि कमरेच्या जोरावर खेचली. आली नाही असं नाही, आली. पैलवानच तो. पण कंबरेत चमक भरली आणि गाडी दुसऱ्या बाजूला गेली. मग दाखवलं: गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढायचं, सीटला पाठ लावून बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची दांडी, आणि बैठक मारून उठतो तसं छोट्या पावलांनी मागे सरकत उठायचं. बैठका त्याने हजारांनी मारलेल्या. गाडी अलगद उभी राहिली. तो हसला, आणि त्याच हसण्यात विचारलं, "साहेब, ही मला उचलता येते. मग काय अडचण?"

म्हटलं, उचलायचं नाही तुला. सोडायला शिकायचंय. आणि पायजमा वर करून नडगी दाखवली.

त्यानंतर तो काही बोलला नाही. आठवड्याने त्याने निवृत्त होणाऱ्या एका हवालदाराची चार वर्षं जुनी १६० सीसी गाडी घेतली. वडिलांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यांचा फोन पुन्हा आला नाही, आणि लग्नाची पत्रिका मात्र आली. एमटीच्या मैदानावर पहिल्या महिन्यात त्याने ती चार वेळा पाडली. चारही वेळा हात सोडून बाजूला झाला. इंडिकेटर दोन गेले, क्लचचा दांडा एक. मग ग्वारीघाट, मग भेडाघाट, मग एका सुट्टीत बायकोला मागे बसवून कुंदमच्या रस्त्याने.

मी निवृत्त होऊन गावी आलो. मागच्या दिवाळीत त्याचा राजस्थानातून फोन आला, आता लान्स नाईक आहे. इकडतिकडचं झाल्यावर म्हणाला, "साहेब, आता बुलेट घेऊ का?"

विचारलं, शेवटची कधी पाडलीस? त्याने जरा आठवलं. दीड वर्षं झालं, म्हणाला.

घे म्हटलं. तर लगेच पुढचा प्रश्न, रंग कुठला घेऊ. म्हटलं, ते मात्र वडिलांना विचार.